तांब्याभर नवं पाणी

निघताना आईने देवघरातला पितळी तांब्या माझ्या पिशवीत घातला आणि सोबत घट्ट झाकणाची एक बाटली. "घाटावर तांब्यात घे, मग बाटलीत भर. सांडू नकोस," अशी ताकीद दिली. आई मूळची कोल्हापूरची. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की पोरींनी ते कळशीत भरून वाजतगाजत टेंबलाईच्या (त्र्यंबोली देवीच्या) पायऱ्यांवर ओतायचं, हा तिकडचा रिवाज. त्या पाण्याचा एक घोट तीर्थ म्हणून घेतल्याशिवाय आईचा आषाढ सरत नाही. दरवर्षी ती स्वतः जायची. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. पुण्याहून जाऊन तांब्याभर पाणी आणायचं, त्यात काय मोठं, असं म्हणत मी एसटीत बसलो.

कोल्हापुरात माझा मामेभाऊ सर्जेराव घाटापासून हाकेच्या अंतरावर राहतो. चहा पाजून तो मला लगेच घाटावर घेऊन गेला. नदी तांबडी होऊन दोन्ही थड्या भरून चालली होती, काठची दगडी देवळं निम्मी पाण्यात होती. लांबून पाहूनच मी हात जोडले आणि जवळ गेल्यावर तेच हात नाकाला लावले. पायऱ्यांशी मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. दोघेजण ते टोपलीत भरत होते. कशासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"पयलं पाणी आलं की साठवल्याली मळी सोडून देत्यात," सर्जेराव म्हणाला. मळी म्हणजे साखर कारखान्यांतून उरलेलं काळं, उग्र पाणी. "पुरात कोण बघतंय? समदं वरनं येतंय बघ."

एवढं बोलून त्याने घरून आणलेली निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून नदीत भिरकावली. दहा पावलांवर निर्माल्याचं कुंड होतं.

"अरे, कुंडात टाकायचं ना," मी म्हणालो.

"देवाचं हाय ते. कुंडात कसं टाकायचं?"

"आणि तो नाला?" पलीकडे एक नाला शहराचं सगळं सांडपाणी घेऊन राजरोस नदीत उतरत होता.

"तो गावाचा हाय," सर्जेराव म्हणाला. जणू गाव म्हणजे कुणी तिसराच माणूस आणि त्याच्याशी यांचं बोलणं बंद आहे.

माझं तोंड बघून त्याने स्कूटर काढली. वर प्रयाग चिखलीला जायचं, तिथे शहराची घाण मिसळत नाही, असं त्याचं म्हणणं. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. संगमाजवळ काठावर एक शेतकरी पाठीवरचा फवारणीचा पंप खळबळून धूत होता आणि पांढरट फेस नदीत चालला होता. माझ्या हातातला तांब्या बघून त्याला माझी खरोखरच काळजी वाटली.

"पावणं, हितलं नका भरू. वरच्या गावांची गटारं येत्यात हितं."

"आणि हे पंपातलं?"

"ह्ये व्हय? तणनाशक हाय. जरासंच हाय की."

"मग चांगलं पाणी मिळणार कुठे?"

"धरणापातूर जावा सरळ," तो म्हणाला. थट्टा नव्हती त्यात. धरणाच्या वर पाऊसच, म्हणजे आता ढगात तांब्या धरायचा, एवढंच माझं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी यात्रा. सर्जेरावची मुलगी निशा कॉलेजात शिकते. ती नवं लुगडं नेसून, कळशीला हार घालून सगळ्या पोरींबरोबर घाटावर आली. पिपाणी आणि ढोलाचा 'पी ढबाक' सुरू झाला तसा माझाही राग जरा निवळला. खोटं कशाला बोलू, मीही रस्त्यात दोन पावलं नाचलो. तिथेच पोरींच्या गर्दीत तांब्या बुडवला आणि बाटली भरली. वास येत होता. नव्या मातीचा असेल, अशी मी मनाची समजूत घातली. दुपारी घरी तांबडा-पांढरा रस्सा झाला आणि वर प्यायला फिल्टरच्या जारचं पाणी आलं. "नदीचं कोण पितंय आता?" वहिनी म्हणाल्या. ज्या पाण्याची सकाळी मिरवणूक काढली, त्याच्याबद्दल दुपारी हे बोलणं. मी रस्सा भुरकत राहिलो.

निघायच्या आधी सर्जेरावच्या बहिणीकडे, अक्काकडे जाणं भाग होतं. तिला नदीच्या खालच्या अंगाला, शिरोळ तालुक्यात दिलं आहे. वाटेत कापडाच्या कारखान्यांमागून निळाशार ओढा वाहताना दिसला. "काल तांबडा हुता," शेजारचा प्रवासी म्हणाला. "ह्यो नुसता रंग हाय, पावणं. घाण सगळी कोल्हापूरची."

अक्काचं निम्मं रान पांढरं पडलंय. पाणी आणि खत वारेमाप दिल्याने जमिनीला मीठ फुटलंय आणि विहीर मचूळ झालीय. पण ती रानाबद्दल बोललीच नाही. तिची सून सुवर्णा गरोदर आहे. तिला कावीळ झाली होती, नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, डोळे अजून हळदीसारखे.

"पाण्यातनंच झाली म्हणालं डाक्टर. दोन जीव वाचलं, लई झालं," अक्का म्हणाली. मग तिचं लक्ष बाटलीकडे गेलं. "आत्याला पाजणार हायस हे?"

मी बाटली पिशवीत सरकवली.

"पाजू नकोस. आणि हितं वतू बी नकोस."

"अक्का, तुमच्या गावाचं सांडपाणी कुठं जातं?" मी चिडूनच विचारलं.

"नदीला. आमच्या खाली कर्नाटक हाय. त्यांचं ते बघतील."

परत येताना बाटली मांडीवर धरून रात्रभर मी सगळ्यांवर चडफडत होतो. सर्जेरावावर, पंपवाल्यावर, निळ्या ओढ्यावर, अक्कावर. आईला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. वाटेतल्या हॉटेलात साधं पाणी भरून तेच नदीचं म्हणून द्यावं, असंही मनात येऊन गेलं. पण सुवर्णाचे डोळे लपवून ठेवायचे तरी कुठे?

घरी पोहोचल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा घट्ट लावलं. बाटलीला हळदकुंकू वाहिलं. घोट मात्र घेतला नाही. जन्मात पहिल्यांदा घेतला नाही. तिचे हात थोडा वेळ बाटलीवरच राहिले. आजारी माणसाचा हात धरतात, तसे.

"मोरीत ओतून टाकू?" मी विचारलं.

"मोरीचं पाणी कुठं जातं आपलं?"

"नदीत. मुठेत."

"आणि मग?"

"मग खाली. खालच्या गावांना."

"म्हंजे त्यांच्याकडं जे वरनं येतंय," आई म्हणाली, "ते आपणच की."

बाटली अजून गॅलरीत आहे. ती कुठे ओतावी, ते मला कळत नाही.