लोहाराचा काटकोन
आमच्या शेजारच्या लोहाराला सगळे ‘काटकोन’ म्हणतात. तापल्या सळईला तो असा कोपरा काढतो की खुशाल गुण्या लावून बघावा. गोल बाक काय, कुणीही काढेल, असं त्याचं मत. काटकोनात बाहेरच्या अंगाला लोखंड ताणलं जाऊन पातळ होतं. म्हणून आधी तेवढीच जागा लाल करायची, टोकावर ठोकून तिथे लोखंड गोळा करायचं, मग वाकवायचं. हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की मीही करू शकेन. हातोडा उचलला तर.

भाता आणि गिऱ्हाइकं, दोन्ही त्याची बायको सांभाळायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती वरच्या खोलीत अडकली. जिना अरुंद, मध्येच वळणारा, धरायला काही नाही. डॉक्टर म्हणाले, चाला. चालणार कुठे, पलंगाभोवती? खाली लोहाराचं कामात लक्ष लागेना.

शेवटी त्याने भिंतीलगत कठडा बसवला. अखंड सळईचा, वळणावर त्याचा तो नामांकित काटकोन. देखणा होता, नाही म्हणत नाही.

ती उतरू लागली. कोपऱ्यापाशी पंजा अडला. पुढची सळई धरायची तर आधी हात सोडायला हवा, आणि गुडघा नेमका तिथेच डळमळला. ती मटकन पायरीवर बसली.

“अहो, हा कठडा माझ्यासाठी केलाय की बघणाऱ्यांसाठी?”

मी लोहाराला म्हटलं, त्यात काय, तापवून गोल कर. तर माझ्यावरच उखडला. एकदा दुमडलेलं उलगडून पुन्हा वाकवलं की तिथेच तडा जातो, आणि ही सगळा भार टाकणार.

“माझा भार काढू नका,” पायरीवरून आवाज आला.

त्याने नवी सळई घेतली. तिचा हातभर भाग तापवला, जाड पाइपाभोवती हळूहळू ओढत नेला. जिथे जास्त वाकू लागे, तिथे पाण्याची धार सोडून आवरलं. शिकाऊ पोराचं काम, असं पुटपुटत होता. शीळही घालत होता.

या खेपेला ती हात न उचलता थेट खाली आली. मग वळून पुन्हा वर निघाली.

“अगं, थांब, कुठे खरखरीत लागतंय ते तरी सांग,” तो कानस घेऊन मागे.

“सांगते. आधी अजून एकदा जाऊन येते.”