न बदललेलं तेल

अर्धांगवायूनं बायकोची डावी बाजू अधू झाली, तेव्हा आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. बरकतपुऱ्याहून विद्यानगरच्या शाळेत शिकवायला ती पुन्हा एकटी जाऊ लागली. सहा वर्षं सुखात गेली.

मग गाडी धक्के देऊ लागली. सिग्नलवरून निघताना अडखळायची आणि एकदम उसळायची. "अहो, आता उजवा पायही चालला वाटतं माझा," ती म्हणाली. मी शहाण्यासारखं सांगितलं, "तू जोरात दाबतेस. हळू दाब." एके दिवशी चौकात पुढच्या स्कूटरला धडकता धडकता वाचली. त्या दिवशी तिनं किल्ली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

कोठीच्या डॉक्टरांकडे तिला तीनदा नेलं. ते म्हणाले, उजवा पाय ठणठणीत आहे. पण भीती एकदा मनात बसली की डॉक्टरचंही कोण ऐकतं? गाडी मी चालवू लागलो. धक्के मलाही बसत, पण मला वाटे, जन्म क्लच दाबण्यात गेला, माझंच चुकत असेल. आमच्या शेतकरी घराण्यात चालत्या इंजिनाला हात लावायचा नाही, हा नियम. इंजिनचं तेल दरवर्षी बदलत होतो. गिअरचंही वेगळं तेल असतं, हे ऐकलं होतं. कशाला उगीच उघडा, म्हणून सोडून दिलं. रोज सकाळ-दुपार तिला सोडून-आणून मी मेटाकुटीला आलो होतो. तिनं राजीनामा द्यायचं ठरवलं, तेव्हा खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. तिनं तो दिलाही.

पुढं दोन महिन्यांनी गाडी एका चढावर ढिम्म हलेना. ओढून मिस्त्रीकडे नेली. त्यानं गिअरचं तेल काढून फडक्यावर दोन थेंब टाकले. काळंकुट्ट, करपट वासाचं.

"ये तेल कभीच नै बदले क्या साब? नया तो लाल रहता. इसीच वास्ते झटके मारती थी गाडी."

मी तिथल्याच स्टुलावर बसून राहिलो. घरी गेलो तर ती मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, गिअरचं तेल मी मुद्दाम टाळलं होतं तेही. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"म्हणजे पाय माझा चांगलाच होता," ती म्हणाली. "मग राजीनामा द्यायला निघाले, तेव्हा एकदा तरी थांब म्हणायचं होतंत हो."