काळ्या मातीत घातलेला चुना

मातीवर तेजाबाचे दोन थेंब टाकले आणि ती चांगली फसफसली. मी मान वर केली नाही, कारण बागेचे मालक वामनराव माझ्या तोंडाकडेच बघत उभे होते.

"काय म्हणते माती?" त्यांनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो. बघायचं काय डोंबल! माती फसफसली म्हणजे तिच्यात चुना आधीच भरपूर आहे. उज्जैनच्या काळ्या मातीत तो असतोच. माती आंबट असेल तर चुना घातल्यावर द्राक्षाच्या वेलीला अन्न नीट मिळतं, घड भरतात. आमच्या मातीत घातला तर उलटं होतं. लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

वामनराव रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. नानाखेड्याकडे तेव्हा नुसती शेतं होती, तिथे त्यांनी द्राक्षाचा मांडव घातला होता. काड्या त्यांच्या पत्नीने नाशिकहून, माहेरून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या. त्या वारल्यावर वामनरावांना ही बागच तेवढी उरली होती.

मी शेती खात्यात सॉइल असिस्टंट, अजून टेंपररी. नवं मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालेलं. पूर्वेकडच्या लाल, आंबट मातीच्या मुलखातून नवे साहेब आमच्याकडे बदलून आले. तिकडे चुन्याने पिकं सुधारली होती. मग इथेही सर्क्युलर निघालं, चुन्याचा डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट करा. बाग ठरली वामनरावांची.

मी फ्रीगंजच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, "सर, ही माती फसफसते. चुना नको."

साहेब हसले. "देखो भई, सीनियॉरिटी लिस्ट अभी बन रही है. कन्फर्म होना है ना?"

"होना है, सर."

"तो फिर?"

सायकल काढून मी परत बागेत गेलो. वामनरावांना सांगितलं, "घाला चुना." त्यांनी धोतर खोचून स्वतःच्या हाताने घातला.

दिवाळीच्या सुमाराला छाटणी झाली. नवी पालवी आली ती पिवळीजर्द, फक्त शिरा हिरव्या. मी हिराकशीचं पाणी फवारलं, म्हणजे पानांतून तरी लोह जावं. थोडे दिवस रंग धरला, पुन्हा पिवळं. घड विरळ आले, मणी वाटाण्याएवढे. तिसऱ्या वर्षी वेली वाळल्या. तोवर साहेबांची बदली झाली होती आणि मी कन्फर्म झालो होतो.

वेली उपटल्या त्या दिवशी मी गेलो होतो.

"माझाच हात जड पडला हो," वामनराव म्हणाले. "तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. मीच चुना जास्त टाकला असणार. हिच्या वेली मीच मारल्या."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी त्यांनी दिलेला चहा प्यायलो आणि सायकलवर टांग मारली. पुढे ते गेले, ते असंच समजून गेले. मला अजून लाज वाटते.

नंतर हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो. मातीचा निकाल आधी शेतकऱ्याला सांगायचा, साहेबाला मागून. का, असं कुणी विचारलं की म्हणायचो, नियम आहे. असा नियम कुठेही नाही.