गुरुवारीच रुसणारं मशीन

गुस्ताव सेमिगाककडे कुणी मशीन आणून "काका, जरा जोरात पळेल असं करा" म्हणालं, की तो चष्म्यावरून बघायचा. "पळायचं असेल तर कुत्री पाळ. माझ्या हातचं मशीन पळत नाही, पोचतं."

लॅब्रडॉरच्या त्या किनाऱ्यावर जानेवारीपासून मेपर्यंत रस्ता म्हणजे गोठलेला समुद्र, आणि मशीन म्हटलं की स्नोमोबाईलच. चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुस्ताव जुन्या मशीनचे क्लच, म्हणजे इंजिनाचा जोर पट्ट्यावरून पुढे पोचवणाऱ्या दोन पुल्या, जुळवून द्यायचा. इंजिनाला तो हात लावत नसे. म्हणायचा, "इंजिन ओरडतं, त्यामुळे त्याचं दुखणं कुणालाही कळतं. क्लच मुका असतो."

त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. ती गोष्ट तो सांगत नसे. त्याची बायको हुल्डा सांगायची. चाळीस वर्षांपूर्वी तो तिला शेजारच्या गावातून घरी आणत होता. दोन बेटांच्या मधे जिथे बर्फाखालून प्रवाह वाहतो, तिथे वरच्या बर्फात पाणी मुरून त्याचा काला होतो. तिथून न थांबता जावं लागतं. नेमकं तिथेच मशीन नुसतं ओरडत राहिलं, पट्टा घसरला, आणि ते जागेवरच खचलं. गुस्तावने गुडघाभर काल्यात उभं राहून ते बाहेर ढकललं. हुल्डा घरी कोरडी पोचली, गुस्तावची दोन बोटं गेली. "आणि सकाळी हेच मशीन झकास चाललं होतं," एवढंच तो पुढे कधीकधी म्हणायचा. बोटांपेक्षा त्याला तेच जास्त लागलेलं होतं.

चर्चच्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये तो ट्यूबा हे खर्जातलं मोठं वाद्य वाजवायचा. शेजारच्या खुर्चीवर तीस वर्षं अमोस बसला, कॉर्नेट नावाचा छोटा कर्णा घेऊन. चार वर्षांपूर्वी आजारपणात अमोस गेला. मागे त्याची बायको टाबेया राहिली, शाळेतून निवृत्त झालेली, मुलगी मीना राहिली, आणि सव्वीस वर्षांचं पिवळं मशीन.

मीना परिचारिका झाली आणि दर गुरुवारी ते मशीन घेऊन साठ किलोमीटर पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांना तपासायला जाऊ लागली. वाटेत तीच दोन बेटं, तोच काला. टाबेयाचा गुरुवार खिडकीत जायचा. फेब्रुवारीत मशीन तिथेच दोनदा अडखळलं. तिसऱ्या गुरुवारी खचलंच. मीना मांड्यांपर्यंत भिजून घरी आली. तिच्या विजारीचा बर्फ स्वयंपाकघरात ओघळत होता.

"पुरे झालं," टाबेया म्हणाली. "गुरुवार बंद."

"आणि एलियास आजोबांच्या पायाची जखम कोण बघणार? तू?"

"दुसरं कुणीतरी बघेल."

"आई, दुसरं कुणी असतं तर मी गेले असते का?"

शेवटी तह झाला. गुस्तावकाकांनी मशीनची खात्री दिली तर जायचं, नाही दिली तर मीनाने गुरुवार सोडायचा. टाबेयाने मनात प्रार्थना केली, पण नेमकी कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी दोघी मशीन घेऊन शेडमध्ये गेल्या. गुस्तावने झाकण काढलं. पुढच्या पुलीच्या उतारावर आणि मागच्या पुलीच्या उतारावर पेनाने आडव्या रेघा मारल्या, आणि मीनाला बंदराच्या बर्फावर पाठवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पूर्ण वेगात. ती परत आल्यावर रेघा कुठवर पुसल्या ते पाहिलं. पट्टा बरोबर कडेपर्यंत चढला होता. मग हातमोजा काढून त्याने उघडा तळवा पुलीवर ठेवला. पट्टा घसरत असेल तर पुली हाताला चटका देते; ही नुसती कोमट होती. थंड मशीनवर एक फेरी, तापल्यावर दुसरी, अगदी गरम झाल्यावर तिसरी. तिन्ही वेळा इंजिनाच्या वेगाचा काटा एकाच आकड्यावर.

"हे तर चर्चला जाऊन आल्यासारखं सज्जन आहे," गुस्ताव म्हणाला. "रुसतं कधी?"

"गुरुवारी," मीना म्हणाली. "रविवारपर्यंत आपोआप ताळ्यावर येतं."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"पोरी, मशीनला वार कळत नाहीत. वार माणसांना कळतात."

तो पुन्हा वाकला. पुढची पुली खोलली, आत बोट फिरवलं. बोटाला काळा चिकट थर आला. त्याने तो नाकाशी नेला, पुन्हा नेला, आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा टाबेयाकडे पाहिलं.

"मीना, जरा हुल्डाकडून चहा घेऊन ये. आणि घाई करू नकोस, तिच्याशी चार शब्द बोल."

मीना गेली. टाबेयाला आधीच कळलं होतं. 'गुरुवारी' हा शब्द कानावर पडला तेव्हाच.

"किती घालतेस?" गुस्तावने विचारलं.

"दोन थेंब."

त्याने काळं झालेलं बोट तिच्यासमोर धरलं.

"चार," टाबेया म्हणाली. "वारा असला की पाच. दादा, जानेवारी संपताना ते किरकिरत होतं. मला वाटलं कोरडं पडलंय. अमोसच्या कॉर्नेटच्या कळा अशाच किरकिरायच्या आणि मी दर बुधवारी त्यांना तेल द्यायची. तीच बाटली होती. मला वाटलं…" पोरीला काल्यात दुसऱ्या कुणी नाही, आपणच उभं केलं होतं.

गुस्तावच्या पोटातून ट्यूबासारखं हसू आलं. "तीस वर्षं त्या तेलाच्या वासाशेजारी बसलोय मी. क्लचमध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं." मग तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "ऐक, बाई. कॉर्नेटची कळ सरकायला हवी. क्लचने पकडायला हवं. तेल पडलं की पट्ट्याची भुकटी त्यात कालवली जाते, आतली वजनं चिकटतात, पट्टा निसटतो. दोन-तीन दिवसांत तेल जळतं, मशीन पुन्हा शहाणं होतं. आणि तू पुन्हा बुधवारी…"

"मी मारलं असतं तिला."

"नाही मारलंस. आणि किरकिर खरीच होती, ते कान तुझे चांगले. आसाभोवतीचा बुश झिजलाय, स्प्रिंग थकलीय. तू ऐकलंस ते बरोबर, औषध चुकीचं दिलंस. चल, उठ. बाह्या वर कर."

त्याने स्वतः पुसलं नाही. स्पिरिट आणि खरखरीत फडकं तिच्या हातात दिलं, आणि बाजूला बसून डब्यातून जुने-नवे बुश निवडत राहिला. टाबेयाने आतलं एकेक वजन, एकेक चाक काळं होतं ते चकचकीत होईपर्यंत पुसलं. मीना चहा घेऊन आली तेव्हा तिची आई कोपरापर्यंत काळी झाली होती.

"काय झालं होतं?"

टाबेयाने तोंड उघडलं, पण गुस्ताव आधी बोलला. "बुश गेला होता. स्प्रिंगही. तुझी आई फार नीट पुसते, हिला मी कामावर ठेवणार आहे."

नवा बुश, नवी स्प्रिंग, नवा पट्टा बसला. जुना पट्टा तेल प्यायलेला, तो शेकोटीच्या सरपणातही नको म्हणून त्याने फेकला. मंगळवारी आणि बुधवारी मीनाने नवा पट्टा हळूहळू चालवून रुळवला. बुधवारी संध्याकाळी टाबेया बाटली घेऊन दारापर्यंत गेली, आणि परत फिरून बाटली ठेवून कोरडं फडकं घेऊन मशीनकडे गेली.

गुरुवारी टाबेया खिडकीत बसली. अकराला फोन वाजला.

"आई, पोचले. बेटांच्या मधे खूप पाणी होतं. पण गडी एका सुरात गेला बघ. जरासुद्धा आवाज बदलला नाही."

मग टाबेयाने सांगितलं. दोन थेंब, चार थेंब, पाच थेंब, सगळं.

"मीना? रागावलीस?"

"आई," मीना म्हणाली, "दर गुरुवारी मशीन तापलं की मला बाबांच्या कॉर्नेटचा वास यायचा. मला वाटायचं, मनाचे खेळ. कुणाला सांगितलं नाही. वाटायचं, बाबा येतात बरोबर." आणि नाक ओढून ती म्हणाली, "आज आला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं."

त्या रविवारी टाबेया केशरी रानफळांचा मुरांबा घेऊन गुस्तावकडे गेली. त्याने बरणी घेतली, पण आभार मानायला लागताच हात हलवला. मात्र मागोमाग मीना आत आली तशी त्याने मान वर केली आणि हवेत दोनदा वास घेतला.

"टाबेया," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे क्लचवर नाही ना?"

"नाही, दादा. तिच्या गळ्यातल्या मफलरच्या टोकाला. एकच थेंब."

"मग ठीक आहे," गुस्तावने बरणीचं झाकण फिरवलं. "मफलर घसरला तर चालतं."