पहिल्या गाडीचे मास्तर

जोयड्याच्या स्टँडवर गाड्यांच्या वेळा लोक आमच्या मास्तरांना विचारत. दहावीचं वर्ष संपत आलं की ते सगळ्या वर्गाला तिथे नेत आणि गाड्यांच्या पाट्या वाचायला लावत. कारवार, दांडेली, बेळगाव. "काय शिकायचं ते मागनं ठरवू. आदी सांग, तुझ्या गावातनं सकाळची पहिली गाडी कवा सुटती?" जंगलातल्या मुलांना याहून खरा सल्ला मी ऐकलेला नाही. त्यांच्यावर आयुष्यभर रागावलेला माणूस म्हणून हे सांगतो.

एकाने विमान चालवायचं आहे म्हणून सांगितलं. आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. "बरं. विमानापातूर कुठल्या गाडीनं जाशील?" त्याला त्यांनी खरोखरच बेळगावपर्यंतच्या वेळा पाठ करायला लावल्या.

मास्तरांची विधवा बहीण दांडेलीत एका खोलीत राहायची. ज्याच्या गावची गाडी कॉलेजच्या वेळेत पोहोचत नसे, अशा एकाला ती ठेवून घेई. दोघांना जागा नव्हती. आमच्या वर्षी आम्ही दोघं होतो, मी आणि शेजारच्या गावची सुमित्रा. मार्क माझे जास्त होते. मला सायन्सला जाऊन सर्व्हेअर व्हायचं होतं. मोजणीवाल्यांची साखळी धरून मी दोन सुट्ट्या डोंगर हिंडलो होतो.

मास्तरांनी जागा सुमित्राला दिली.

"मी बाहेर ओसरीवर झोपतो, मास्तर. पाणी भरतो."

"न्हाई."

"आठवड्यातनं तीन दिवस तरी?"

"ह्यो काय बाजार हाय, परशा? एक वरीस थांब. पुढल्या साली तिला वसतिगृहात घालतो, मग जागा तुझी. ती थांबली तर घरचे लगीन लावून मोकळे हुतील. तुला कुठंबी सोडला तरी तू वाट काढतोस."

वाट काढता येते, हाच माझा गुन्हा झाला.

ते वर्ष मी जीपमध्ये कोकम आणि मिरीची पोती चढवली. भाव पाडायला शिकलो, शिव्या द्यायला शिकलो. जूनमध्ये मास्तर आमच्या अंगणात आले. पाय चिखलाने माखलेले, फॉर्म भिजू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरलेला. सुमित्रा वसतिगृहात गेली होती.

"सही कर, परशा. पहिली गाडी साडेसहाची हाय."

"दुसऱ्याची उष्टी जागा मला नको."

बाबा मध्ये पडले, त्यांनाही मी गप्प केलं. मास्तरांनी फॉर्म परत सदऱ्यात सरकवला. "शनिवारपातूर मुदत हाय," म्हणाले आणि आले तसे चिखलातून गेले. शनिवारी मी मुद्दाम माल घेऊन रामनगरला गेलो.

आज रामनगरात माझं दुकान आहे. माझ्याशी घासाघीस करायला लोक बिचकतात. सुमित्रा नर्स झाली. उळवीच्या जत्रेत दिसली की मी वाट बदलायचो. यंदा तिने मला गाठलंच. "किती वर्सं तोंड चुकवणार, दादा? मास्तरांचं काय खरं न्हाई. जाऊन ये."

गेलो. वाटेत सगळं भांडण मनात जुळवून ठेवलं होतं. मास्तर खाटेवर होते, डोळ्यांना दिसत नव्हतं. मी दारातून त्यांच्या सुनेशी बोललो तसे ते उठायला धडपडले.

"परशा? फॉर्म भरलास?"

"आता जुनंच तेवढं आठवतंय त्यांस्नी," सून हळूच म्हणाली.

"उद्या शनिवार हाय रे. सही कर की."

पहिल्या बोलीला मी आजवर कुणाला हो म्हटलेलं नाही.

"करतो, मास्तर."

"गाडी कितीची?"

"साडेसहाची."

"चुकवू नको."

आठ दिवसांनी मास्तर गेले. त्या पहिल्या वर्षीची जागा माझी होती, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. दुसऱ्या वर्षीच्या जागेसाठी मात्र कुणाशी भांडायचं, ते मला समजत नाही.