खारं पाणी आणि दादाचे सहा मासे

लकवा मारला तेव्हा दादा एकावन्न वर्षांचा होता. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एखादं अक्षर यायचं आणि तिथेच अडकायचं. त्याने लग्न केलं नव्हतं, मीही नाही. समुद्रकाठच्या चिखले गावातल्या घरात आम्ही दोघं भावंडंच. मी तलासरीच्या बाजूला एका शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा तो दिवसभर एकटा. म्हणून त्याचा पलंग मी माशांच्या टाकीसमोर ओढून घेतला.

टाकीत कोरी जातीचे सहा मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, मिशाळ, तळाशी वाळू उकरत फिरणारे. गावातले मच्छीमार त्यांना हसून शिंगाळ्याची, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या मिशाळ माशाची, पोरं म्हणायचे. दादाने त्यांच्यासाठी नदीची बारीक रेती आणून चाळून धुतली होती, कारण धारदार खडीने मिशा झिजतात. हे मासे कळपाने राहतात, एकटा पडला की कोपरा धरतो, हेही त्याच्याकडूनच ऐकलेलं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं काम आता माझ्याकडे आलं होतं. बोअरिंगचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून मी तेच टाकायचे.

होळीनंतर माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. डहाणू रोडला शोभेचे मासे विकणाऱ्या गुजराती दुकानदाराला मी फोटो दाखवला. त्याने हे नेहमीचंच असल्याचं सांगितलं. ‘‘मीठ टाका, बेन. चार दिवसांत साफ.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीत मीठ विरघळवत होते. बस चुकेल म्हणून घाईत होते. दादाने डावा हात उचलला आणि म्हणाला, ‘‘मी... मी...’’

मला वाटलं, त्याला स्वतःच्या हाताने टाकायचंय. ‘‘तू राहू दे, मी करते,’’ मी म्हटलं.

तो पुन्हा ‘‘मी... मी...’’ करत राहिला. घामाघूम झाला. त्याचं बोलणं सुधारावं म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, की त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. मी थांबले नाही. वाटी टाकीत ओतली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी दोन मासे कुशीवर पडलेले दिसले. कल्ले नुसते धडधडत होते. औषधाला वेळ लागतो अशी मनाची समजूत घालून मी आणखी मीठ टाकलं. संध्याकाळी परतले तेव्हा चार मेले होते. त्यातला एक दादाच्या बाजूच्या काचेला चिकटला होता. दादाने दिवसभर ते सगळं पाहिलं होतं.

रात्री मी ताट वाढलं. त्याने भाताला हात लावला नाही. डाव्या हाताचं बोट ताटातल्या मिठात बुडवलं आणि टाकीकडे केलं. मग नळाकडे केलं. मग परत मिठात. तेव्हा मला कळलं. मी उठून बोअरिंगचं पाणी चाखलं. खारट होतं. होळीनंतर आमचं पाणी मचूळ होतं हे मला जन्मापासून माहीत आहे. पिण्याचं आम्ही बाहेरूनच आणतो. पण दादा उन्हाळ्यात स्कूटरवरून गोड्या पाण्याचे दोन कॅन जास्तीचे का आणायचा, हे मी कधी विचारलं नव्हतं. आधीच खाऱ्या पाण्यात मी मीठ कालवलं होतं.

‘‘मीठ म्हणत होतास?’’

त्याने डोळे मिटून घेतले.

शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींच्या पाड्यावर गोड्या पाण्याची विहीर आहे. त्यांनी काही न विचारता दोन कॅन भरून बसपर्यंत आणून दिले. रोज थोडं थोडं करून मी टाकीतलं पाणी पालटलं. तरी आठवड्याच्या आत पाचवा गेला.

उरलेला एक फिल्टरच्या मागे जाऊन बसला. खाद्याचे दाणे तळाला जायचे आणि तिथेच मऊ होऊन फुटायचे. मी ते नळीने ओढून काढायचे. त्याच्या मिशा तुटल्या नव्हत्या, ठिपके गेले होते, अंगावर कुठे खूण नव्हती. तो फक्त वाळूत येत नव्हता.

एका रविवारी मी दादाला विचारलं, डहाणू रोडहून आणखी पाच आणू का. त्याचे ओठ हलू लागले. या वेळी मी थांबले.

‘‘न...को,’’ तो म्हणाला. लकव्यानंतर त्याच्या तोंडून आलेला तो पहिला पुरा शब्द.

पावसाळ्याआधी शेवटचा मासाही मेला. मी टाकी रिकामी केली आणि रेती मागच्या दारी ओतली. दादाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही तो माझ्याशी बोलायचा प्रयत्न फारसा करत नाही.