भोंग्याचा अंगठा

गल्लीत त्याला भोंगा म्हणायचे. पंक्चरच्या दुकानात बसून हाताने ट्यूब घासायची आणि तोंडाने गल्लीचा कारभार हाकायचा, हा त्याचा रोजचा धंदा. कुणी कुणाच्या दारात गाडी लावली, कुणी कचरा कुणाच्या अंगणात लोटला, सगळे निकाल तिथेच लागायचे आणि चौकापर्यंत ऐकू जायचे.

त्याची पहिली चारचाकी गाडी भरदिवसा चोरीला गेली. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला असायची, गल्लीत सगळ्यांच्याच घरी असते तशी. चोरांनी खिडकीतून तार घातली, आकड्याने किल्ली अलगद ओढून घेतली आणि गाडी चालू करून निघून गेले. घरची माणसं आत जेवत होती. ना कुलूप फुटलं, ना काच. चौकीतल्या साहेबाने विचारलं, गाडी तुम्हीच कुणाला दिली नाहीत ना? त्यावर भोंगा असं काही बोलला की तक्रार राहिली बाजूला, त्यालाच बाहेर काढलं.

गाडी ही काही हौस नव्हती. आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त धुवून घ्यायला तिला दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागे. एखादी खेप चुकली की अंगात पाणी साठे आणि श्वास अडे.

म्हणून दुसरी गाडी आली तेव्हा भोंग्याने तिला अंगठ्याचं यंत्र बसवून घेतलं. किल्लीच नाही, काचेवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की गाडी चालू. फिटर दुकानावरच आला. भोंगा तेव्हा ट्यूबला ठिगळ लावत होता. अंगठा पँटला पुसल्यासारखं करून त्याने यंत्रावर दाबला आणि वर केला. फिटर म्हणाला, घरातल्या आणखी कुणाचा तरी घेऊन ठेवा. बायको डबा घेऊन आली होती, तिने हात पुढे केला. गाडी तिलाही येत होती. पण भोंग्याने फिटरला हिशेब मिटवायला सांगितलं. एका गाडीला एकच धनी, म्हणाला. बायकोने हात मागे घेतला आणि डबा जरा आपटूनच ठेवला.

यंत्र चाललं झकास. फक्त दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी गाडी कुरकुर करायची. दहादा अंगठा ठेवावा तेव्हा कुठे ऐकायची. भोंगा हसून सांगायचा, मालकाला सुट्टी तर गाडीलाही नको का?

त्या आठवड्यात दवाखान्यातलं मशीन बिघडलं आणि आईची एक खेप हुकली. पुढची नेमकी सुट्टीच्या दिवशी आली. सकाळपासून तिच्या छातीत घरघर होती, पाय सुजून खांबासारखे झालेले. भोंग्याने आंघोळ केली, दवाखान्यात जायचं म्हणून हात दगडाने घासून लख्ख केले. बायको आईच्या पायात चपला चढवत होती. दार उघडंच होतं.

दोन माणसं सरळ आत आली. तोंडाला फडकी बांधलेली. एकाने दारामागची भोंग्याचीच टॉमी उचलली, टायर काढायची लोखंडी कांब, आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. दुसऱ्याने खिळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अंगठ्याची गाडी ना तुझी? चल. चालू करून दे, आम्ही जातो."

सगळ्या गल्लीला माहीत होतं. भोंग्यानेच तर चौकापर्यंत सांगितलं होतं.

अंगणात गाडीत वाकून त्याने अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला. लाल. पाठीत काहीतरी टोकदार टेकलं.

"शहाणपणा करतोस?"

"नाही हो दादा. सुट्टीच्या दिवशी ती अशीच करते."

हे वाक्य आपल्याच कानाला किती खोटं वाटतंय, हे त्याला कळत होतं. आतून आईची घरघर ऐकू येत होती. आयुष्यात तो कुणाला दादा म्हणाला नव्हता.

त्या माणसाने त्याचं मनगट धरून हात गाडीच्या दाराच्या चौकटीवर दाबला. आवाज न चढवता बोलला. "अंगठा आम्ही सोबत नेऊ शकतो. तू इथेच राहा."

भोंग्याने मोकळा डावा हात जोडल्यासारखा वर केला. मग शेवटचा म्हणून अंगठा ठेवला. लाल दिवा लागला आणि यंत्राची सहनशक्ती संपली. गाडीने असा सायरन लावला की समोरच्या घराची खिडकी उघडली, मग शेजारची, मग सगळीच. टॉमी खणकन फरशीवर पडली. दोघं मागच्या भिंतीवरून पसार झाले.

सायरन थांबला. लोक जमले, प्रश्न विचारू लागले. भोंगा त्यांच्यातून वाट काढत आत धावला. आईच्या ओठांवर निळसर झाक आली होती. त्याने तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि अंगठा दाबला.

लाल.

रिक्षा बघा, कुणी म्हणालं. कुणी धावलंही. भोंगा अंगठा चोळत होता, त्यावर फुंकत होता, पुन्हा दाबत होता. तेवढ्यात बायको त्याची कामाची पिशवी घेऊन आली. ठिगळ चिकटवायच्या सोल्युशनची नळी काढून तिने त्याच्या अंगठ्यावर थेंब पिळला आणि बोटाने पसरला.

"अहो, ट्यूब घासून घासून अंगठ्यावर रेघा राहिल्यात कुठे? याला चिकट अंगठा माहीत आहे, धुतलेला नाही. सुकू द्या जरा."

अंगठा सुकेपर्यंत दोघंही आईच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. थांबली. पुन्हा वर.

हिरवा.

दुपारपर्यंत आईचा श्वास मोकळा झाला. नळ्या लावलेल्या हाताने तिने लेकाला जवळ बोलावलं. त्याच्या मनगटावरचे वळ बघितले.

"खिळा बरा होता रे," ती म्हणाली. "खिळ्याला कुणी मारत नव्हतं."

भोंगा खाली आला. दवाखान्याच्या आवारात फिटरला फोन लावून त्याने विचारलं, यंत्रात दुसरं माणूस कसं घालतात. आधी मालकाचा अंगठा लागतो म्हणे. त्याने पिशवीतून नळी काढली, थेंब लावला आणि तो सुकेपर्यंत बायकोचा हात धरून गाडीपाशी उभा राहिला.